संगणकाच्या धंद्यातला विचारपूस करणारा माणूस



गेल्या अंकी आपण कपाशीच्या फरदडीविषयी बोललो. या वेळचा विषय शिवारातला नाही, पण तो तुमच्याच घरांतून माझ्याकडे आला आहे. दहिवेलकडचे एक वडीलधारे शेतकरी मागे म्हणाले, "साहेब, मना आंडोर पुनाले शे. कंपनीमा शे. पन तो काय काम करस, ते माले काही समजत नही." मुलाच्या कामाचे नाव होते बिझनेस अ‍ॅनालिस्ट. दुसऱ्या एका घरी मुलगी बी.कॉम. झालेली. तिने याच कामाचे शिक्षण देणाऱ्या एका क्लासची जाहिरात आणली. फी पाऊण लाख, आणि नोकरीची हमी. वडील चाळीतला कांदा काढून पैसे भरावयास निघाले होते. म्हणून म्हटले, हे काम काय आहे, त्याला कोणते गुण लागतात आणि ते कुठे मिळतात, हे एकदा सविस्तर सांगावे.

आपण घर बांधावयास काढतो तेव्हा गवंड्याला म्हणतो, "ओटा ऐसपैस पाहिजे." चांगला गवंडी लगेच खोरे उचलत नाही. तो विचारतो, किती फूट? बैलगाडी लागणार की ट्रॅक्टर? पावसाचे पाणी कोणत्या अंगाला काढावयाचे? लग्नकार्यात मांडव इथेच पडणार काय? आपल्यालाच जे सुचलेले नसते ते तो आपल्या तोंडून काढून घेतो. संगणकाच्या धंद्यात हे विचारण्याचे काम वेगळे काढून एका माणसाच्या हाती दिलेले असते. एका बाजूला गरजवंत असतो: बँक, दूध संघ, विमा कंपनी, दवाखाना, सरकारी खाते. दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम लिहिणारी मुले असतात. गरजवंताला संगणकाची भाषा येत नाही आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बँकेचे खतावणी पुस्तक पाहिलेले नसते. या दोघांच्या मध्ये उभा राहून खरी गरज शोधणारा, ती लिहून काढणारा आणि तयार झालेला माल गरजेला उतरतो की नाही हे तपासणारा, तो बिझनेस अ‍ॅनालिस्ट.

काम नवे नाही. 1968 साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती वाढविली, त्या पिढीत असे काम करणाऱ्याला सिस्टीम अ‍ॅनालिस्ट म्हणत. पुढे धंदे वाढले, कामाच्या वाटण्या झाल्या, नावे बदलली. 2003 साली कॅनडातील टोरांटो येथे या लोकांची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. ती परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. त्याविषयी पुढे बोलू.

या कामात चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आणि त्याभोवतीचा मोठा पसारा आपण ऐकून आहात. 1998 साली तेथे केंद्र सरकारच्या मदतीने गावोगाव संगणक बसविण्याची योजना आली. 50 हून अधिक गावांत केंद्रे निघाली. कल्पना अशी की, शेतकरी केंद्रावर येईल, पिकाची माहिती घेईल, बाजारभाव पाहील, सरकारी योजना वाचील. हेतू उत्तमच होता. पण पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च संस्थेतील अभ्यासक तेथे गेले आणि केंद्रावर कोण येतो, काय विचारतो, हे त्यांनी पाहिले. शेतकरी येत होता तो मुख्यतः ऊस कारखान्याच्या कामासाठी. माझ्या उसाचे वजन किती भरले, तोडीची परवानगी कधी, खात्यावर खत किती उचलले. म्हणजे अर्ध्या ओळीची माहिती. तेवढ्यासाठी संगणक, वीज, दुरुस्ती असा सारा खर्च चालला होता. मग 2007 च्या सुमारास सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले. आठ महिने ते चालले, स्वस्त पडले आणि शेतकऱ्याला घरबसल्या उत्तर मिळू लागले.

इथे यंत्र वाईट नव्हते आणि शेतकरी अडाणी नव्हता. सुरुवातीला एक प्रश्न राहिला होता: तुम्हाला रोज कोणती गोष्ट जाणून घ्यावी लागते? बिझनेस अ‍ॅनालिस्टचा पहिला गुण हा, की लोकांना काय पाहिजे असावे असे आपल्याला वाटते ते बाजूला ठेवून, लोक काय करतात ते पाहणे. ऐकण्यापेक्षाही पाहणे. कारण माणूस सांगतो एक आणि करतो एक, आणि त्यात तो खोटे बोलत असतो असे नाही. रोजच्या सवयीच्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत हेच त्याच्या ध्यानी येत नाही.

आमच्या विस्तार कामात याचा अनुभव पदोपदी येतो. "कापूस कसा झाला?" असे विचारले तर उत्तर मिळते, "बरा झाला." या उत्तराचा उपयोग शून्य. वेचण्या किती झाल्या, पहिल्या वेचणीला किती निघाला, वेचणाऱ्यांना किलोमागे काय दिले, असे टप्प्याटप्प्याने विचारले की पक्का आकडा बाहेर येतो. आणि आणखी एक. भाव किती मिळाला हे घरधनी सांगतो, पण कोणत्या दिवशी किती बाया होत्या आणि किती किलो वेचले, हे घरातली बाई बोटांवर सांगते. तिला न विचारता भरलेला तक्ता अर्धा खोटा असतो. कंपनीतही तसेच आहे. साहेब सांगतात ते नियमाप्रमाणे असते, आणि काउंटरवरचा कारकून करतो ते खरे असते. दोघांनाही विचारावे लागते, आणि कारकुनाला साहेबाच्या पाठीमागे विचारावे लागते.

आता आपल्या पांझरेवरचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडची फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे आणि दरसाल फेरपालट करावयाची. पाणी द्यावयाला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि सगळ्यांच्या वर पंच. ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी मोडकळीस आली आहे हे खरे. पण समजा, उद्या एखाद्या कंपनीने तिच्यासाठी मोबाईलवरचे अ‍ॅप करावयाचे ठरविले आणि शहरातला मुलगा माहिती घ्यावयास आला. तो तक्ता मांडील: शेतकऱ्याचे नाव, पीक, पाण्याची पाळी, तास. तक्ता दिसावयास झकास दिसेल, पण मुळातच चुकलेला असेल. कारण फडात पाणी शेतकऱ्याच्या नावाने सुटत नाही, फडाला सुटते. पीक शेतकरी एकट्याने ठरवीत नाही. पाणी तो स्वतः धरीत नाही, पाटकरी धरतो. त्या तक्त्यात 'पाटकरी' हा रकानाच नाही! मुलाने प्रश्न विचारले नाहीत असे नव्हे. आधीच मनात धरलेल्या रकान्यांचे प्रश्न विचारले. ज्याने लहानपणी बारे धरले आहे त्याच्याकडून ही चूक व्हावयाची नाही. म्हणून खेड्यातल्या मुलांनी या कामाला बिचकू नये, असे मला वाटते.

दुसरा गुण व्याख्येचा. रोजच्या बोलण्यातला शब्द आणि नियमातला शब्द एक नसतो. 'कुटुंब' हाच शब्द घ्या. आपल्याकडे तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि म्हातारे आईवडील एका चुलीवर जेवतात, त्याला आपण एक कुटुंब म्हणतो. फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. म्हणजे आपल्या एका चुलीत योजनेची तीन-चार कुटुंबे बसतात. ज्याने फॉर्म तयार करताना हे स्वच्छ लिहिले नाही, त्याच्या फॉर्मवर गावोगाव भांडणे होतात. तीच गोष्ट क्षेत्राची. नुसते 'क्षेत्र' असा रकाना ठेवला तर शेतकरी 2 लिहितो ते एकराचे. सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. यंत्राने ते 2 हेक्टर धरले तर जमीन एकदम पाच एकरांच्या घरात गेली! पुढे विम्याचा दावा आला की हाच शेतकरी लबाड ठरतो. रकान्याशेजारी 'हेक्टर' हा एक शब्द छापला असता, किंवा एकर लिहिल्यावर यंत्रानेच हिशेब करून दाखविला असता, तर ही वेळ आली नसती.

तारखेचीही अशीच गंमत आहे. पेरणीची तारीख 7/6 लिहिली तर आपण 7 जून समजतो. अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक 6 जुलै समजतो. मृगाची पेरणी एक महिन्याने पुढे गेली. हसू नका, अशा चुका मोठमोठ्या कामांत होतात.

तिसरा गुण लिहिण्याचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत दुर्मिळ. या कामात साहित्यिक लिहिणे नको. जर असे झाले तर तसे करावे, आणि तसे नसेल तर काय करावे, हे एकही फट न ठेवता लिहिता आले पाहिजे. "शेतकऱ्याला लवकर पैसे मिळावेत" हे वाक्य भाषणाला ठीक आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. लवकर म्हणजे किती दिवसांत? दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे? मध्ये बँकेची सुटी आली तर? खाते बंद असेल तर निरोप कोणाला जाईल? खातेदार वारला असेल तर? चांगला बिझनेस अ‍ॅनालिस्ट सरळ रस्ता एका ओळीत लिहितो आणि आडवाटांना चार पाने देतो, कारण माणसे अडतात ती आडवाटेवर.

कर्जमाफीची दोन वर्षे आपल्या सर्वांच्या आठवणीत आहेत. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची होती. तीत प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः ऑनलाईन अर्ज भरावयाचा होता. पती-पत्नीचे आधार, बोटांचे ठसे, खात्यांचे क्रमांक, कर्जाचा तपशील. सेवा केंद्रांपुढे रात्रीपर्यंत रांगा लागल्या. मग शेतकऱ्याने भरलेली माहिती आणि बँकेने दिलेली माहिती एकमेकींशी जुळवावयाची. जिथे जुळली नाही तिथे नाव अडले. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. तीत अर्जच ठेवला नाही. कर्ज किती हे बँकेला माहीतच आहे, मग शेतकऱ्याला कशाला विचारावयाचे? बँकांनी आधार जोडलेल्या कर्जखात्यांच्या याद्या दिल्या, फेब्रुवारी 2020 पासून त्या गावात लागल्या, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक आला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यावयाचा, रक्कम पाहावयाची. कबूल असेल तर हो म्हणावयाचे, नसेल तर तक्रार नोंदवावयाची, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाणार. कोणती योजना मोठी, कोणती लहान, किंवा कोणाच्या सरकारची, हा आपला विषय नाही. माहितीचा ओघ कसा वळविला तेवढे पाहा. ज्याच्याकडे जी माहिती पक्की आहे ती त्याच्याचकडून घेतली, आणि शेतकऱ्याकडे फक्त खरे-खोटे करण्याचे काम ठेवले. रांगेतल्या माणसाचा दिवस वाचला. बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामाचे मोल मोजावयाचे ते असे, वाचलेल्या दिवसांत.

ई-पीक पाहणीचेही तसेच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करावयाची पद्धत आली. पहिल्या हंगामात आपण सर्वांनी कुरकुर केली, आणि कुरकुर खोटी नव्हती. पण 2022 च्या खरिपात सुधारलेले अ‍ॅप आले, ते मी मुद्दाम बारकाईने पाहिले. चुकलेली नोंद 48 तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर पूर्वी दोन दुय्यम पिके घेता येत, ती तीन झाली. फोटो काढणारा गटापासून दूर असेल तर अ‍ॅप सांगू लागले. कपाशीत तूर, मूग आणि उडीद घेणाऱ्या माणसाची तक्रार कोणीतरी ऐकली, कोणीतरी लिहिली, कोणीतरी ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तो तिसरा रकाना आला. सगळे सुटले असे मी म्हणत नाही. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरपट्ट्यातल्या गावांत रेंज मिळवावयाला टेकडी चढावी लागते, आणि म्हाताऱ्या खातेदाराच्या हातात साधा फोन असतो. अशा गावात जाऊन अ‍ॅप चालवून पाहणे, हेही याच माणसाचे काम. पुण्याच्या ऑफिसात जोरदार रेंजवर तपासलेले अ‍ॅप म्हणजे नुसत्या प्रयोगशाळेत उगवून पाहिलेले बी. शेतात ते कसे निघेल हे पेरल्याशिवाय कळत नाही.

आता हाताच्या कसबाकडे वळू. कोष्टके चांगली आली पाहिजेत. एक्सेल म्हणा किंवा फुकट मिळणारे लिब्रे ऑफिस म्हणा, त्यात याद्या लावणे, जुळवणे, गाळणे, बेरजा गटवार काढणे हे सहज जमले पाहिजे. आणि त्यातले खाचखळगेही ठाऊक पाहिजेत. एक सांगतो. एक्सेल पंधरा अंकांपलीकडची संख्या नीट ठेवत नाही. सोळा अंकी बँक खाते संख्या म्हणून टाकले की शेवटचा अंक शून्य होतो. आकड्याच्या सुरुवातीचे शून्यही ते गिळून टाकते. खाते क्रमांकाचा रकाना 'मजकूर' म्हणून बांधावयाचा असतो. ज्याला हे माहीत नाही त्याने पाठविलेली यादी बँकेतून जशीच्या तशी परत येते, आणि गावात बोभाटा होतो की पैसे मध्येच खाल्ले.

त्यानंतर एसक्यूएल नावाची भाषा. मोठ्या माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची ही भाषा आहे, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही. सोसायटीच्या कर्जदारांची एक यादी आहे आणि पीक विमा भरलेल्यांची दुसरी. कर्ज आहे पण विमा नाही असे कोण, हा प्रश्न त्या भाषेत चार ओळींत विचारता येतो. कसब ओळी लिहिण्यात थोडे आणि याद्या कशावर जुळवावयाच्या हे ठरविण्यात फार. नावावर जुळवाल तर फसाल. आपल्या गावांत एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे तीन-तीन पाटील सापडतात. आधारवर एक स्पेलिंग, सातबारावर दुसरे, आणि बँकेत लाडाचे नाव 'नाना'. मग गट क्रमांक घ्यावयाचा, तर सामाईक खात्यात पाच नावे. याचा विचार ज्याने गावात राहून केला आहे तो शहरातल्या हुशार मुलाच्या एक पाऊल पुढे असतो.

चौथे, चित्र काढणे. कागदावर चौकोन आणि बाण काढून काम कुठून कुठे जाते हे दाखविता आले पाहिजे. निर्णयाच्या जागी शंकरपाळ्यासारखा आकार काढतात, एवढे ध्यानात ठेवले तरी सुरुवातीला पुरे.

इंग्रजी पाहिजे काय? पाहिजे. आडपडदा न ठेवता सांगतो. कागदपत्रे इंग्रजीत असतात, परदेशी गिऱ्हाईकाशी बोलावे लागते. पण लागते ते लहान वाक्यांचे, स्पष्ट इंग्रजी. फाडफाड बोलण्याची मोठी भीती घातली जाते, आणि तिचाच धंदा होतो. उलट अहिराणी, मराठी आणि हिंदी या तिन्हींत माणसाला बोलते करता येणे, ही शेतीशी संबंधित कंपन्यांत फार मोलाची गोष्ट आहे. भीड मात्र सोडावी लागते. समोरचा साहेब मोठा असला तरी "हे मला समजले नाही, पुन्हा सांगा" असे म्हणावयाची हिंमत पाहिजे. आपल्या मुलांना लहानपणापासून "मोठ्यांना उलट विचारू नये" असे आपण शिकवितो. या धंद्यात ते आड येते.

आता नवीन एक गोष्ट झाली आहे. मसुदा लिहिणारी, बैठकीचा वृत्तांत काढणारी, तक्ते मांडणारी यंत्रे आली आहेत. त्यामुळे नुसता मसुदा लिहून पोट भरणाऱ्यांची पंचाईत होणार, हे उघड आहे. पण बैठकीत जे कोणी बोललेच नाही ते यंत्राच्या वृत्तांतात येणार कुठून? फडाचा पाटकरी बैठकीला बोलावलेलाच नव्हता, हे ओळखणारा माणूस लागेलच.

हे काम केवळ हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतच आहे असेही नाही. जून 2022 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 63,000 विविध कार्यकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, 2,516 कोटी रुपयांची योजना. आपल्या गावच्या सोसायटीचे दप्तर, त्यातले मेंबर, कर्ज, वसुली, व्याज, थकबाकी, हे सारे यंत्रात बसवावयाचे म्हणजे कोणीतरी सचिवाशेजारी बसून, दप्तराचे पान पान उलटून, समजून घ्यावे लागते. दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, ठिबक सिंचनवाले, विमा कंपन्या, सगळीकडे असा माणूस लागतो.

राहिला क्लासचा प्रश्न. त्या मुलीच्या वडिलांना मी काय सांगितले तेच इथे लिहितो. नोकरीची हमी असे छापलेले असेल तर हमी कोणत्या पगाराची, कोणत्या कामाची, आणि नोकरी न लागल्यास फी परत किती दिवसांत, हे कागदावर लिहून मागा. तोंडी हमीला किंमत नाही. कागद देत नसतील तर उठून या. दुसरे, शिक्षण संपल्याबरोबर बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून नेमणूक फार थोड्यांची होते. बहुतेक माणसे आधी तपासणीच्या कामात, गिऱ्हाईकांच्या तक्रारी सोडविण्याच्या कामात किंवा कार्यालयातल्या याद्या-अहवालाच्या कामात लागतात, आणि तिथला धंदा समजून घेऊन दोन-चार वर्षांनी इकडे वळतात. तो रस्ता कमीपणाचा नाही, उलट पक्का आहे. तिसरे, वर ज्या टोरांटोच्या संस्थेचे सांगितले तिच्या परीक्षा पायऱ्यांच्या आहेत. पहिलीला, ईसीबीएला, अनुभवाची अट नाही. वरच्या सीबीएपीला मात्र साडेसात हजार तासांचा अनुभव लागतो. कोणी नवशिक्याला वरचे प्रमाणपत्र सहा महिन्यांत देतो म्हणाला तर तो फसवीत आहे एवढे समजा.

फुकटात शिकावयाचे असेल तर मुंबईच्या आय.आय.टी.चे स्पोकन ट्युटोरियल आहे, त्यात कोष्टकांचे धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात. केंद्र सरकारचे स्वयम् हे 2017 पासून चालू आहे, त्यावर माहितीसाठे आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. यासाठी जुना संगणक आणि बरे इंटरनेट एवढे भांडवल पुरते. पाऊण लाखात चांगला संगणक घेऊन उरलेल्यात घरचे बियाणे-खत होते. सहा महिने असे शिकून मुलगी टिकली, तिला गोडी वाटली, मग फी भरण्याचा विचार करा. आणि हे मुलासाठी सांगतो तेच मुलीसाठीही सांगतो. घरखर्चाचा, मजुरीचा, बचत गटाचा हिशेब ज्या घरात बायाच ठेवतात, तिथल्या मुलींना हे काम उपजत येते असा माझा अनुभव आहे.

कामाची चव घ्यावयाची असेल तर घरच्या मुलामुलींना एक काम लावून द्या. पिंपळनेरच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर न्यावयाचा तेव्हा त्यांना वही घेऊन सोबत न्या. चाळीतून कांदा निघाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत काय काय घडते ते लिहावयास सांगा. गेटवर नोंद कोण करतो, लिलावात भाव कुठे लिहिला जातो, सौदापट्टी कोणाकडे राहते, काटा भरल्यावर काटापट्टीवर कोणते दोन आकडे येतात, हमाली आणि तोलाई कोणत्या हिशेबाने वजा होते, हिशेबपट्टी आणि पैसे यांत किती दिवस जातात. हे झाले सरळ रस्त्याचे. मग आडवाटा लिहावयास सांगा. लिलाव झाला, ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेला, माल ओतल्यावर व्यापारी म्हणाला, "खाली माल हलका निघाला, भाव कमी करा." आता काय? हा वाद कोणापुढे जातो? त्याची नोंद कोणत्या कागदावर होते? शेतकरी तयार झाला नाही तर माल परत भरावयाची मजुरी कोणाची? भाव कमी करून तडजोड झाली तर सौदापट्टीवरचा आकडा खोडतात की तसाच राहतो?

घरी येऊन त्यांनी ते चित्र काढावे आणि तुम्ही तपासावे. दोन पाने भरली तर मुलाला अजून शिकावयाचे आहे. पाच पाने भरली आणि त्याने बाजारातल्या हमालालाही काही विचारलेले असेल, तर ते पान जपून ठेवा आणि मुलाखतीला जाताना सोबत न्यावयास सांगा.

पुढील अंकी कांद्याच्या रोपवाटिकेतील मर रोगाविषयी.